एडीएचडीचे निदान कितपत ग्राह्य मानावे?

प्रश्न

माझा मुलगा साडेसहा वर्षांचा असून वर्गातील सर्वांत लहान मुलांपैकी एक आहे. तो एका जागी बसत नाही, हातातले काम अर्धवट सोडतो आणि दुसऱ्याचे बोलणे पुरे होऊ देत नाही, अशा तक्रारी शाळेकडून वारंवार आल्यामुळे आम्ही त्याला डॉक्टरांकडे नेले. पहिल्याच भेटीत, जेमतेम वीस मिनिटांच्या बोलण्यानंतर, त्याला एडीएचडी (लक्ष न टिकणे, अतिचंचलता आणि उतावळेपणा ही लक्षणे असलेला विकार) असल्याचे सांगण्यात आले आणि मिथिलफेनिडेट हे उत्तेजक औषध सुरू करण्याचा सल्ला मिळाला. ‘औषध देऊन पाहू, फरक पडला तर निदान बरोबर’ असेही डॉक्टर म्हणाले. घरी मात्र हाच मुलगा चित्र काढायला बसला की तासभर उठत नाही.

वाचायला घेतले तर दोन टोकांची मते समोर येतात. काहींच्या मते हा मेंदूच्या विकासाशी निगडित असा खराखुरा विकार आहे, तर काहींच्या मते औषध कंपन्यांच्या सोयीसाठी चळवळ्या मुलांवर मारलेला हा शिक्का आहे. रक्ततपासणीत किंवा मेंदूच्या स्कॅनमध्ये जे दिसत नाही, त्याच्या निदानावर विश्वास कशाच्या आधारे ठेवावा?

प्रतिसाद १ (बालमानसोपचारतज्ज्ञ)

आधी डॉक्टरांच्या त्या वाक्याबद्दल, कारण ते मला सर्वांत खटकले. १९७८ साली अमेरिकी बालमानसोपचारतज्ज्ञ ज्युडिथ रॅपोपोर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोणताही विकार नसलेल्या मुलग्यांना उत्तेजक औषधाची एक मात्रा देऊन पाहिली, तेव्हा त्यांचीही चुळबूळ कमी झाली आणि लक्ष सुधारले. त्यामुळे औषधाने फरक पडला म्हणजे निदान सिद्ध झाले, असे म्हणता येत नाही. हा समज आजही टिकून आहे, याची मला मनापासून खंत वाटते.

प्रयोगशाळेत चाचणी नाही, हे खरे आहे. परंतु त्यावरून विकारच नाही असा निष्कर्ष निघत नाही. जुळ्यांच्या अभ्यासांतून या लक्षणांची आनुवंशिकता साधारण ७४ टक्के असल्याचे दिसते, आणि मानसिक विकारांमध्ये हे प्रमाण बरेच मोठे आहे. अडचण वेगळी आहे. लक्ष न टिकणे आणि उतावळेपणा ही लक्षणे सर्व माणसांत कमी-अधिक असतात. रक्तदाबाप्रमाणेच कुठेतरी एक रेषा आखून तिच्या पलीकडच्यांना आपण उपचार देतो, आणि खरा वाद या रेषेच्या आसपासच्या मुलांबद्दल आहे. ही रेषा सरकतही आली आहे: लक्षणे वयाच्या सातव्या वर्षापूर्वी दिसलेली असावीत ही अट २०१३ मध्ये डीएसएम-५ ने (मानसिक विकारांच्या निदानाच्या अमेरिकी नियमावलीची पाचवी आवृत्ती) बाराव्या वर्षापर्यंत सैल केली.

म्हणूनच निकष काटेकोरपणे लावणे आवश्यक ठरते. मुलांमध्ये नऊपैकी किमान सहा लक्षणे, ती किमान सहा महिने टिकलेली, घर आणि शाळा यांसारख्या दोन ठिकाणी दिसणारी आणि रोजच्या जगण्यात स्पष्ट अडथळा आणणारी असावी लागतात. ऐकू कमी येणे, दृष्टिदोष, अपुरी झोप, चिंता, वाचनाची अक्षमता, काही प्रकारची अपस्मारे यांमुळेही मूल असेच वागू शकते, त्यामुळे त्यांचा विचार आधी करावा लागतो. वीस मिनिटांत हे होणे शक्य नाही. मात्र तासभर चित्र काढतो म्हणून हा विकार नाहीच, असेही समजू नये; आवडीच्या कामात अशा मुलांचे लक्ष उत्तम टिकू शकते.

प्रतिसाद २ (प्राथमिक शिक्षिका)

मुलगा वर्गात लहान आहे, हा तपशील फार महत्त्वाचा आहे, आणि तो डॉक्टरांना आवर्जून सांगावा. ज्या अमेरिकी राज्यांत शाळाप्रवेशासाठी १ सप्टेंबर ही वयाची सीमा आहे, तेथील मुलांचा एक मोठा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. ऑगस्टमध्ये जन्मलेल्या, म्हणजे वर्गात सर्वांत लहान असलेल्या, दर दहा हजार मुलांमागे ८५.१ जणांना हे निदान मिळाले होते, तर सप्टेंबरमध्ये जन्मलेल्यांत हे प्रमाण ६३.६ होते. जन्मात एका महिन्याचे अंतर, पण वर्गात जवळजवळ एका वर्षाचे! सहाव्या वर्षी एका वर्षाने किती फरक पडतो, हे आम्ही रोज पाहतो, तरीही तक्रार लिहिताना वर्गातील मोठ्या मुलांशीच तुलना होते.

प्रतिसाद ३ (एका मुलीची आई)

वरील आकडे मला मान्य आहेत, पण ‘शिक्का’ हा शब्द वाचून फार वाईट वाटले. माझी मुलगी कधीच दंगा करत नव्हती. ती खिडकीबाहेर पाहत बसे, आणि त्यामुळे अनेक वर्षे तिला केवळ आळशी म्हटले गेले. निदान उशिरा झाले, तोपर्यंत आपण मठ्ठ आहोत अशी तिची खात्री झाली होती. औषधाने तिची भूक कमी झाली आणि सुरुवातीला झोपही बिघडली, पण हातात घेतलेला धडा संपवता येतो हे तिला आयुष्यात पहिल्यांदा कळले. नको त्याला औषध मिळते ही जितकी खरी गोष्ट आहे, तितकीच हवे त्याला ते मिळत नाही हीसुद्धा खरी आहे.

प्रतिसाद ४ (बालमानसोपचारतज्ज्ञ)

ताईंचे म्हणणे रास्त आहे. शांत मुली निदानातून सुटतात, हे आमच्या क्षेत्रात आता सर्वमान्य आहे.

उपचारांबद्दल थोडे लिहिते. अमेरिकेतील एमटीए या अभ्यासात ५७९ मुलांना चार गटांत विभागले होते. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार चौदा महिन्यांनंतर काटेकोर देखरेखीखाली दिलेले औषध मूळ लक्षणांवर केवळ वर्तनोपचारापेक्षा सरस ठरले. परंतु तीन वर्षांनी तपासले तेव्हा गटांमधील फरक उरला नव्हता, आणि सातत्याने औषध घेणाऱ्यांची उंची काहीशी कमी वाढल्याचेही दिसले. अल्पकाळात लक्षणे कमी होतात याचा पुरावा चांगला आहे, दीर्घकालीन लाभाचा मात्र तितका भक्कम नाही. उपचारांविषयी मार्गदर्शन करणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेची २०१८ ची मार्गदर्शक तत्त्वे पाच वर्षांवरील मुलांसाठी आधी पालकांना माहिती व आधार देण्यास आणि घर-शाळेतील परिस्थितीत बदल करण्यास सांगतात. त्यानंतरही ठळक अडथळा राहिला तरच औषधाचा विचार करावा, असे त्यांत म्हटले आहे. औषध सुरू केल्यास उंची, वजन, नाडी आणि रक्तदाब नियमित मोजावे लागतात.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांची आभारी आहे. औषध तूर्त सुरू करत नाही. श्रवण आणि दृष्टी तपासून घेऊ, शाळा आणि घर या दोन्हींकडून लेखी प्रश्नावल्या भरून घेऊ आणि दुसऱ्या तज्ज्ञांचे मत घेताना त्याच्या वयाचा मुद्दा आधी मांडू. एकच शंका उरते: वर्गात पुढच्या बाकावर बसवणे, काम लहान तुकड्यांत देणे असे बदल किती काळ करून पाहिल्यावर ते पुरेसे नाहीत असे म्हणावे?

प्रतिसाद ५ (बालमानसोपचारतज्ज्ञ)

ठरावीक मुदत नाही. बदल खरोखर रोज अमलात येत असतील, तर एका शैक्षणिक सत्रात चित्र बऱ्यापैकी स्पष्ट होते. मात्र मूल स्वतःला इजा होईल इतके उतावळे वागत असेल किंवा शाळेच्या नावाने रडू लागले असेल, तर सत्र संपण्याची वाट पाहू नका.