मदत हवी आहे: फियाट 1100 चं नेमकं मॉडेल कसं ओळखायचं?

नमस्कार मंडळी. मिरजेला मामांच्या शेडमध्ये एक जुनी फियाट 1100 उभी आहे. ती पुन्हा रस्त्यावर आणायची मनापासून इच्छा आहे, पण कागदपत्रांवर सालाचा आकडाच पुसला गेलाय.

मला ठाऊक आहे ते असं. 1100 चं मूळ 1937 च्या फियाट 508 सी या मॉडेलमध्ये आहे. 1953 मध्ये जिनिव्हाच्या मोटार शोमध्ये 1100/103 आली. वेगळी चासी (खालचा सांगाडा) गेली, बॉडीच सगळा भार पेलू लागली आणि इटलीतल्या मध्यमवर्गाला चार दारांची, परवडणारी गाडी मिळाली. 1962 ला 1100 डी आली, तिचं इंजिन 1221 सीसीचं. 1969 मध्ये फियाट 128 ने तिची जागा घेतली. आपल्याकडे मात्र कुर्ल्याच्या प्रीमियर कंपनीने हीच गाडी पुढे पद्मिनी म्हणून कितीतरी वर्षं बनवली, आणि पेट्रोल इंजिन मूळचं 1089 सीसीचंच ठेवलं.

मामांच्या गाडीची पुढची दारं उलटी उघडतात, म्हणजे बिजागरी मधल्या खांबाला. गिअरचा दांडा स्टिअरिंगलगत. इंजिनवरची नंबराची पट्टी रंगाखाली गेलीय, खरवडायची भीती वाटते.

तर जाणकारांनो, उलटी दारं भारतात कोणत्या सालापर्यंत यायची? चासी नंबर बॉडीवर आणखी कुठे ठोकलेला असतो? दारांचे रबर आणि गिअर लिंकेजचे बुश पुणे-कोल्हापूर पट्ट्यात कुठे मिळतील? आणि या गाडीवर हात बसलेला, घाई न करणारा मेकॅनिक माहीत असेल तर जरूर सांगा. फोटो हवे असतील तर टाकतो.