हवामान बदल आणि देशाची सुरक्षा, खरंच काही संबंध आहे का?

ऐरोलीकर:
मंडळी, काल ऑफिसच्या बसमध्ये वाद झाला, एक जण म्हणे हवामान बदल आता लष्करी प्रश्न झालाय, युनोच्या सुरक्षा परिषदेतसुद्धा चर्चा होते. मी म्हटलं काहीतरीच काय, पाऊस वाढला तर पंप लावा, सैन्याचा काय संबंध? खरं काय आहे?

कळव्याचा पक्या:
सैन्याचा संबंध नाही? जुलै २०१९ ला वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली तेव्हा हजारेक माणसं काढायला एनडीआरएफ आलं, नौदलाची पथकं आली, तेही आपल्याच ठाणे जिल्ह्यात. असं एकाच आठवड्यात चार राज्यांत झालं तर माणसं आणि हेलिकॉप्टरं काढणार कुठून, सीमेवरून?

नेरूळवाली:
आणि फौजेलाच फटका बसतो ते वेगळंच. ऑक्टोबर २०२३ ला सिक्कीममध्ये हिमसरोवर फुटलं, तीस्तेच्या पुरात चुंगथांगचं धरण गेलं आणि लष्कराचे जवान, गाड्या वाहून गेल्या. चीनची सीमा तिथून किती लांब आहे मॅपवर बघा जरा. २०१८ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडाच्या टिंडल हवाई तळाची चक्रीवादळाने वाट लावली, एफ-२२ लढाऊ विमानं आत असताना हँगरची छपरं उडाली.
सुरक्षा परिषदेचं म्हणाल तर पहिली चर्चा २००७ ला झाली. डिसेंबर २०२१ ला आयर्लंड आणि नायजरने हवामान बदलाला सुरक्षेशी जोडणारा ठराव आणला, १२ मतं बाजूने, पण रशियाने व्हीटो (नकाराधिकार) मारला, भारतानेही विरोधात मत दिलं, चीन तटस्थ.

ऐरोलीकर:
भारत विरोधात?? का पण ताई?

नेरूळवाली:
म्हणणं असं की हा विषय सगळे देश बसतात त्या हवामान परिषदेत सोडवा, पाच व्हीटोवाल्यांच्या हातात नको. मला तरी पटतं. उद्या गरीब देशावर दुष्काळाच्या नावाने निर्बंध लादले तर?

घोडबंदर_रोड:
सहमत. सिरियाचं उदाहरण सगळे फेकतात, दुष्काळ पडला म्हणून युद्ध झालं म्हणे. अभ्यासकांतच त्यावर भांडणं आहेत. सरकारने भूजल उपसू दिलं, डिझेलची सबसिडी काढली, ते सगळं हवामानाच्या खात्यात टाकायचं का?

कळव्याचा पक्या:
ते सिरियाचं राहू द्या, इथलं बघा. नवी मुंबईचा बराच भाग भरतीच्या पातळीखाली आहे, म्हणून सिडकोने होल्डिंग पाँड बांधले, भरतीला दारं बंद आणि ओहोटीला पाणी बाहेर. आता त्यात गाळ भरलाय, खारफुटी उगवलीय, परवानग्यांशिवाय हात लावता येत नाही. खाडीपलीकडे ट्रॉम्बेला बीएआरसी हे अणुसंशोधन केंद्र, इकडे उरणला जेएनपीए (जुनं जेएनपीटी) बंदर, सगळं पाण्याच्याच काठाला. पंप कितीचे लावणार दादा?