मर्ढेकर तुकोबांची थट्टा करतात का?

प्रश्न: तुकोबांचं ‘तोचि साधु ओळखावा’ मर्ढेकरांकडे ‘तोचि मुत्सद्दी जाणावा’ होतं. आजीकडून अभंग पाठ केलेला मी, वाचताना चपापलोच. याला थट्टा समजायचं का?

उत्तर: थट्टा मुत्सद्द्याची हो! ‘रंजले गांजले’च्या जागी ‘जे न जन्मले वा मेले’ आलेत बघा. म्हणजे जिवंत माणूस सोडून बाकी सगळे आपले! महायुद्ध पाहिलेला कवी आहे. चाल ओळखीची, म्हणूनच ‘मुत्सद्दी’ खड्यासारखा दाताखाली येतो.

दुसरं उत्तर: दिलीप चित्र्यांची वाट निराळी. त्यांनी तुकोबा इंग्रजीत नेले, ‘सेज तुका’, १९९१.

प्रश्नकर्ता: आत्ता चालीत म्हणून पाहिलं. अक्षरं आठच्या आठ, तरी ‘मुत्सद्दी’पाशी जीभ अडखळली. आजीने कान पिळला असता.