मदत हवी आहे: सूचौमधील उद्याने आणि मंदिरे वडिलांसोबत कशी पाहावीत?

नोव्हेंबरमध्ये शांघायहून रेल्वेने सूचौला जाऊन एक रात्र राहण्याचा विचार आहे. वडिलांना पायऱ्या चढवत नाहीत, म्हणून टायगर हिल वगळली आहे. 16व्या शतकातील झुओझंग उद्यान भव्य असले, तरी तिथली गर्दी टाळून तळ्याभोवती रचलेले छोटेसे वांगशी उद्यान त्यांना निवांत दाखवावे, असे मनापासून वाटते. दुसऱ्या दिवशी लिऊ उद्यान, त्याच्या जवळचे शीयुआन मंदिर आणि शेवटी हानशान मंदिर पाहायचे आहे. मोबाइलवर आगाऊ तिकीट काढून पाहिले; परंतु तिथे चिनी ओळखपत्राचाच रकाना दिसतो आणि हॉटेलकडूनही स्पष्ट उत्तर मिळालेले नाही. भारतीय पासपोर्ट दाखवून वांगशी आणि लिऊ उद्यानांची तिकिटे दारावर मिळतात का, आणि शीयुआनहून हानशानला कालव्यातून नावेने जाता येते, की टॅक्सीच करावी लागेल?