गुंतवणुकीची पहिली जागा: कोणाला विचारलंत, कोण कामी आलं?

माणदेशी_मुक्ता (धागाकर्ती)

जागेत पैसे घालायचे म्हटलं की भाव सांगणारे शंभर भेटतात. रिंगरोड कुठून जाणार, मेट्रोचं स्टेशन कुठे येणार, हे रिक्षावाल्यालाही पाठ असतं. पण नवख्या माणसाने आधी कोणाकडे जावं, कोणाबरोबर बसून चहा प्यावा, कोणाचा नंबर जपून ठेवावा, हे कोणी सांगत नाही. माझ्या मते तरी पहिला व्यवहार भावापेक्षा यावरच तरतो नाहीतर फसतो.

तर लिहा. राहतं घर नको. गुंतवणूक म्हणून घेतलेलं किंवा ऐनवेळी सोडून दिलेलं काहीही चालेल: प्लॉट, गाळा, शेती, भाड्याचा फ्लॅट. खरी माहिती कोणी दिली आणि ती नेमकी काय होती, एवढं यायला हवं. बिल्डर-एजंटांची नावं नकोत. "स्कीम चालू आहे, मेसेज करा" वाल्यांना इथून हाकलण्यात येईल.

बांधावरचा

भोर तालुक्यात शेतजमीन बघत होतो. आमचं घर शेतकऱ्याचं, सातबाऱ्यावर माझं नाव आहे, म्हणून हा विचार तरी करता आला. ज्यांच्या नावावर शेती नाही त्यांनी आधीच ऐकून ठेवा: कुळकायद्याच्या कलम ६३ मुळे बिगरशेतकऱ्याला महाराष्ट्रात परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. "शेतकरी दाखल्याचं आम्ही बघतो" म्हणणारा भेटला तर गाडी तिथूनच वळवा.

जागा दाखवणारा गावातलाच तरुण. रस्त्याला लागून, विहीर, आंब्याची दोन झाडं, फोटो काढावा असं सगळं. आम्ही उभे राहून बोलतोय तेवढ्यात शेजारच्या वावरातून एक म्हातारबा आले. दारं धरायचं सोडून आलेले, पाय चिखलात, खोरं खांद्यावर. म्हणाले, "पावनं, निवांत बघा. पर तुमी उभं हाय ती जमीन माजी हाय. त्यांचा दगुड त्या बाभळीपल्याड." एजंट हसून म्हणाला, "आण्णांचं असतंच काहीतरी." पण बाभळीपाशी गेलो तर खरंच हद्दीचा दगड, गवतात निम्मा बुडालेला. विहीर, आंबे आणि रस्ता, तिन्ही आण्णांच्या अंगाला.

मग आण्णांच्याच ओट्यावर बसलो. विकणाऱ्याला दोन बहिणी आहेत, एकीने हक्कसोड करून दिलं, धाकटीने दिलं नाही आणि देणारही नाही, हे तिथे कळलं. तलाठ्याकडून नुसता चालू सातबारा न घेता मागचे फेरफार, म्हणजे मालकीबदलाच्या नोंदी, काढले. वारसनोंदीच्या फेरफारात दोघींची नावं होती. सातबाऱ्याच्या इतर हक्कात गावच्या सोसायटीच्या कर्जाचा बोजा. जमीन भोगवटादार वर्ग १ होती, म्हणजे विकायला सरकारची परवानगी लागत नाही अशी, तेवढंच काय ते समाधान. "आधी तुम्ही सरकारी मोजणी आणा, मग इसार देतो," असं सांगितल्यावर विकणाऱ्याचा फोन यायचा बंद झाला.

आण्णांशी मात्र बोलणं राहिलं. सणावाराला फोन, कधी गेलो तर चहा. पुढे त्यांच्याच भावकीत एक तुकडा विकायला निघाला तेव्हा त्यांनी एजंटाच्या आधी मला कळवलं. तो घेतला. मोजणीच्या दिवशी आजूबाजूचे सगळे कब्जेदार बांधावर हजर होते, कारण आण्णांनी आदल्या रात्री प्रत्येकाच्या घरी जाऊन सांगितलं होतं. त्याला पैसे मोजून माणूस मिळत नाही.

वाकडची_ताई

माझा सल्ला लहान आहे. संध्याकाळी सोसायटीच्या गेटवर जा आणि वॉचमनला विचारा: उन्हाळ्यात टँकर किती येतात? मग कामाला येणाऱ्या मावशींना विचारा, कोणते फ्लॅट रिकामे असतात आणि भाडेकरू का सोडून जातात. मला एका मावशींनी सांगितलं, "त्या विंगची लिफ्ट सारखी बंद असते, सहाव्या मजल्यावर कोण टिकणार?" सेल्स ऑफिसातल्या मुलीने हे जन्मात सांगितलं नसतं.

आणि हिशेब मांडा. सत्तर लाखांचा फ्लॅट, वीस हजार भाडं. वर्षाचे दोन लाख चाळीस हजार. त्यातून मेंटेनन्स महिना साडेतीन हजार, घरपट्टी बारा हजार, वर्षात एखादा महिना रिकामा. हातात उरतात १ लाख ६६ हजार. खरेदीच्या वेळी पुण्यात मुद्रांक शुल्क ७ टक्के (एकट्या बाईच्या नावावर घेतलं तर १ टक्का कमी), वर नोंदणीचे तीस हजार. म्हणजे लावले सव्वापंचाहत्तर लाख, परतावा सव्वादोन टक्क्यांच्या आसपास. कर्जाचा हप्ता यात धरलेलाच नाही.

सेक्रेटरींना भेटा, भाडेकरूंबद्दल नियम काय ते विचारा. मालक स्वतः राहत नसेल तर नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस लागतात, पण ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाहीत. काही सोसायट्यांना हे माहीत नसतं, काहींना माहीत असूनही नसतं.

नफ्यातला_नाना

ताई, भाड्याकडे बघून कोण घेतं? भाव वाढतो त्यात पैसे असतात. माझ्या काकांनी बाणेरला...

वाकडची_ताई

नाना, काकांनी घेतलं तेव्हा बाणेरला शेतं होती. आता घेणाऱ्याला शेतांचा भाव मिळणार आहे का?

पंचवटीकर

बँकेच्या लिलावातून नाशकात गाळा घेतला. जाहिरातीत "जसे आहे जिथे आहे" लिहिलेलं असतं, ते अगदी शब्दशः घ्यावं. कामी आला तो त्याच शाखेतला वसुली बघणारा अधिकारी. त्याला सरळ विचारलं, "ताबा प्रत्यक्ष आहे की प्रतीकात्मक?" प्रतीकात्मक म्हणजे दारावर नोटीस बँकेची आणि आत माणूस जुनाच. माझ्या गाळ्याची किल्ली बँकेकडे होती. शेजारच्याची नव्हती, म्हणून तो स्वस्त होता.

पैशाची तयारी आधीच हवी. बोलीसाठी साधारण १० टक्के अनामत, बोली लागली की अनामत धरून २५ टक्के लगेच, आणि विक्री कायम झाल्यापासून पंधरा दिवसांत बाकी सगळे. एवढ्यात नवीन कर्ज उभं राहणं कठीण. मार्केटच्या सेक्रेटरीकडून थकबाकीचं पत्र घेतलं होतं, ती रक्कम बोलीतून मनातल्या मनात वजा केली.

अंत्रुजकर

मी फोंड्याचा. पुण्या-मुंबईचे लोक गोव्यात प्लॉट घ्यायला येतात आणि सातबारा मागतात. इथे सातबारा नाही, फॉर्म १ आणि १४ असतो. त्यात कुळाचा रकाना आहे तो आधी वाचा. जमिनीवर जुनं घर असेल तर त्यात मुंडकार, म्हणजे मालकाच्या संमतीने त्याच्या जमिनीवर घर करून राहिलेला माणूस, राहतो का ते बघा. १९७५ च्या मुंडकार कायद्याने त्याला संरक्षण आहे आणि राहतं घर विकत घेण्याचा हक्कही आहे. तो कागदावर नसला तरी घरात असू शकतो. हे कळण्याचा सोपा मार्ग म्हणजे पोदेर. सकाळ-संध्याकाळ पाव घालतो, कोणाच्या दारात किती पाव पडतात हे त्याला तोंडपाठ.

दुसरं, सह्या. पोर्तुगीज काळापासून आलेल्या नागरी कायद्याने लग्नानंतर मालमत्ता साधारणपणे दोघांची होते, त्यामुळे विकणाऱ्याची बायको, त्याचे भाऊ, त्यांच्या बायका, बहिणी, त्यांचे नवरे, सगळे आले. एक भाऊ लिस्बनला, एक बहीण कुवेतला, हे आमच्याकडे नेहमीचंच. "मोठा भाऊ बघतो सगळं" यावर टोकन देऊ नका. जमीन कोमुनिदादची (गावच्या सामायिक जमिनी सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेची) नाही ना, झोन सेटलमेंट (वस्तीचा) आहे की ऑर्चर्ड (बागायतीचा), आणि बिनशेती वापराची सनद झाली आहे का, हे स्थानिक वकिलाकडूनच तपासा. तो गावचा असला तर उत्तम, पण विकणाऱ्याने सुचवलेला नसावा.

आणि एक मनातलं. डोंगर कापून केलेला प्लॉट फोटोत छान दिसतो. पावसात येऊन बघा.

कल्याणचा_मध्यस्थ

मी एजंट आहे, महारेराची (बिल्डर-एजंटांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाची) नोंदणी आहे, आता आम्हाला परीक्षा देऊन प्रमाणपत्रही घ्यावं लागतं. शिव्या खायची तयारी ठेवूनच लिहितोय.

नवीन माणूस दहा एजंटांना तोच मेसेज पाठवतो, त्यामुळे दहापैकी कोणीच त्याला गंभीरपणे घेत नाही. दोघे निवडा. बजेट खरं सांगा. जागा नको असेल तर त्याच दिवशी "नको, कारण हे" असं कळवा. चांगली जागा आली की मी पहिला फोन अशाच माणसाला करतो, श्रीमंताला नाही. दलाली किती, कोण देणार, कधी देणार, हे जागा बघण्याआधी बोलून घ्या. नंतर सगळ्यांचाच चेहरा पडतो.

नव्या प्रकल्पात माझ्या शब्दावर जाऊ नका, महारेराच्या पानावर जा. पूर्ण होण्याची तारीख किती वेळा पुढे ढकलली, बोजा कोणाचा, खटले कोणते, हे तिथे असतं. करार नोंदवण्याआधी १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. आणि "प्री-लाँच, नोंदणी क्रमांक येतोच आहे" असं मी म्हणालो तरी चेक फाडू नका.

नफ्यातला_नाना

एजंटच असं लिहायला लागले तर आमच्यासारख्यांनी काय करायचं :)

एडिसनची_मावशी

न्यू जर्सीचं लिहिते. इथे आमची सुरुवात दोन कुटुंबांच्या घरापासून झाली: खाली आम्ही, वर भाडेकरू. स्वतः राहणार असाल तर एफएचए कर्जात (सरकारी हमीचं गृहकर्ज) साडेतीन टक्के भरूनही चार घरांपर्यंतची इमारत घेता येते. अट एवढीच, की मालकाने खरंच राहायला हवं.

इथे गुंतवणूकदारांचे मेळावे भरतात. पहिल्या मेळाव्यात सूटवाले पुष्कळ होते, कोर्स विकणारे. मी कोपऱ्यात एकट्या बसलेल्या प्लंबरशी बोलत बसले. त्याने विचारलं, घर किती जुनं? सांगितल्यावर म्हणाला, अंगणात तेलाची टाकी शोधून घे. जुन्या घरांना तेलाने ऊब द्यायचे, टाकी जमिनीत पुरलेली असते, गळत असली तर माती उपसून साफ करायचा खर्च मालकावर. नेहमीच्या तपासणीत ते बघत नाहीत, वेगळं सांगावं लागतं. सांगितलं. टाकी निघाली. काढून देण्याचा खर्च विकणाऱ्याने केला तेव्हाच पुढे गेलो. तो प्लंबर आजही आमच्याकडे येतो.

मालमत्ता कर इथे भयंकर आहे, भाडं ठरवण्याआधी तो आकडा बघा. आणि माहेरी शेत घ्यावं असं वाटणाऱ्या परदेशस्थांसाठी: आपल्याला भारतात शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशाने आली तर ठेवता येते.

एकटा_जीव

मला माणसांशी बोलायचा कंटाळा. पैसेही थोडेच. म्हणून रीट: ऑफिस-मॉलच्या भाड्यातला वाटा देणारी, शेअरसारखी बाजारात मिळणारी युनिटं. एम्बसी २०१९ ला आलं, मग माइंडस्पेस, ब्रुकफील्ड, नेक्सस. एक युनिटही घेता येतं, आणि वाटण्याजोग्या रकमेपैकी ९० टक्के वाटावीच लागते. भाव वरखाली होतो, पण रात्री गळक्या नळाचा फोन येत नाही. मावशी, तुमचा प्लंबर तुम्हालाच लखलाभ.

माणदेशी_मुक्ता

एक प्रश्न बऱ्याच जणांनी विचारला आहे: दोन-दोन गुंठ्यांचे प्लॉट, दहा जणांची नावं एका सातबाऱ्यावर, घ्यावे का? जाणकारांनी लिहा.

स्टँपवेंडर

मुक्ता, तुकडेबंदीचा कायदा, म्हणजे शेतजमिनीचे फार लहान तुकडे पाडून विकायला बंदी, १९४७ चा आहे. तेव्हापासून त्याला वळसा घालणारे लोक मी रोज बघतो. एका सातबाऱ्यावर दहा नावं आली म्हणजे दहा प्लॉट झाले असं नाही; तुमचा हिस्सा नेमका कुठला, हे कागद सांगत नाही. रस्ता कोणाच्या गुंठ्यातून जातो यावर पुढे डोकी फुटतात. मंजूर रेखांकन आणि बिनशेती आदेश दाखवा म्हणावं. यातले नियम अलीकडे बरेच बदलले आहेत, तेव्हा खरेदीच्या आठवड्यात दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात आणि वकिलाकडे, दोन्हीकडे विचारा. ओळखीचा दस्तलेखक असला तर दोन्ही कामं एका चहात होतात.

जाता जाता: खरेदीआधीची जाहीर नोटीस त्या तालुक्यात घरोघरी जाणाऱ्या पेपरात द्या. मुंबईच्या इंग्रजी पेपरात दिलेली नोटीस विकणाऱ्याची धाकटी बहीण वाचत नाही.

बांधावरचा

आमच्या आण्णांकडे पेपर येतच नाही. चावडीवर लावायला सांगा.