मदत हवी आहे: प्रोस्टेटच्या लेसर ऑपरेशनमधला फायबर पुन्हा वापरतात का?

बाबांचं (वय ७१) पुढच्या आठवड्यात होलेप आहे, म्हणजे होल्मियम लेसरने प्रोस्टेटची वाढलेली गाठ सोडवून काढणार. मशीन तेच राहतं हे कळतं. प्रश्न ५५० मायक्रॉनच्या त्या बारीक फायबरचा, म्हणजे मशीनमधून लेसरचा प्रकाश आत प्रोस्टेटपर्यंत नेणाऱ्या काचेच्या तारेचा. एस्टिमेटमध्ये त्याचे पूर्ण पैसे लावलेत, आणि तिथलेच टेक्निशियन सहज बोलून गेले की टोक जळलं की कापून, निर्जंतुक करून पुढच्या पेशंटला वापरतो! काही फायबर मुळातच पुनर्वापराचे असतात, काही एकदाच वापरायचे, इतपत वाचलंय. आमचा कुठला हे पाकिटावरून कसं ओळखायचं? डॉक्टर चांगले आहेत, त्यांना न दुखावता हे कसं विचारावं? कुणी यातून गेलंय का?