‘कोलचॅक’ मालिकेतील पाहुणे कलाकार आणि राक्षस : बैठकीसाठी कोणते दोन भाग निवडावेत?

रावपुरेकर (वडोदरा)

सर्वांना नमस्कार. आमच्या येथील काही मराठी कुटुंबे महिन्यातून एकदा एकत्र जमून जुन्या दूरचित्रवाणी मालिकांचे भाग पाहतात आणि नंतर त्यांवर मोकळेपणाने चर्चा करतात. पुढच्या बैठकीसाठी मी ‘कोलचॅक: द नाइट स्टॉकर’ ही अमेरिकी मालिका सुचवली आहे. १९७२ आणि १९७३ मधील दोन दूरचित्रपटांच्या यशानंतर एबीसी वाहिनीवर १३ सप्टेंबर १९७४ रोजी ती सुरू झाली आणि २० भागांनंतर मार्च १९७५ मध्ये संपली. शिकागोतील एका वृत्तसंस्थेचा बातमीदार कार्ल कोलचॅक (डॅरेन मॅक्गॅव्हिन) दर आठवड्याला एखाद्या खुनाचा माग काढत जातो, त्यामागे पिशाच, झोंबी किंवा तसेच काहीतरी निघते आणि त्याची बातमी मात्र कधीच छापली जात नाही, एवढीच तिची चौकट आहे.

वेळ दोनच भागांपुरता आहे. गटातील ज्येष्ठांचे म्हणणे असे की, त्या काळातील राक्षसांचे पोशाख आज पाहताना हसू येईल आणि मग चर्चा पोशाखांपलीकडे जाणारच नाही. मला स्वतःला पाहुण्या कलाकारांमुळे ही मालिका फार मोलाची वाटते. ‘हॉरर इन द हाइट्स’ हा भाग दाखवावा अशी माझी तीव्र इच्छा आहे. परंतु त्यात हिंदू परंपरेतला राक्षस आहे आणि भिंतींवर रंगवलेली स्वस्तिके आहेत, त्यामुळे आपल्या मंडळींना ते कसे वाटेल, याचा विचार पडला आहे. जाणकारांनी मत द्यावे.

माळव्यातील रसिक (इंदूर)

आपल्या ज्येष्ठांची शंका रास्त आहे, तरीही ‘हॉरर इन द हाइट्स’ अवश्य दाखवावा, असे मी आग्रहाने सांगेन. या मालिकेत भीती उभी राहते ती पाहुण्या कलाकारांच्या बळावर. राक्षस पडद्यावर दिसतो तो थोडाच वेळ. उरलेल्या वेळात म्हातारे शेजारी, चिडके पोलीस कप्तान, विक्षिप्त प्राध्यापक अशी माणसे इतक्या जिवंतपणे उभी केलेली असतात की, त्यांच्या जिवाला धोका आहे हे कळताच आपण सावरून बसतो.

या भागात फिल सिल्व्हर्स आहेत. १९५५ ते १९५९ या काळात सार्जंट बिल्कोच्या भूमिकेने त्यांनी सारी अमेरिका हसवली होती. इथे ते हॅरी स्टारमन नावाच्या वृद्ध ज्यूची भूमिका करतात. वस्तीतल्या म्हाताऱ्यांचे मृतदेह हाडांपर्यंत कुरतडलेले सापडत आहेत, पोलीस सगळा दोष उंदरांवर ढकलून मोकळे होत आहेत आणि भिंतींवर उमटलेली स्वस्तिके पाहून स्टारमनची खात्री पटली आहे की, हे नाझींचे काम आहे. सिल्व्हर्स बोलण्याची लय विनोदी नटाचीच ठेवतात, पण तिच्याखाली जुन्या जखमेची ठणक सतत जाणवते. एरवी हसवणाऱ्या माणसाच्या तोंडून ती भीती ऐकली की ती अधिक खरी वाटते.

पटकथा जिमी सँगस्टर यांची आहे. ब्रिटनच्या हॅमर या चित्रसंस्थेसाठी फ्रँकेन्स्टाइन आणि ड्रॅक्युला यांच्यावरचे चित्रपट लिहिलेला हा लेखक असल्यामुळे, राक्षस केव्हा दाखवायचा आणि केव्हा झाकून ठेवायचा, याचे त्यांचे गणित पक्के होते.

रंगपटातली (वडोदरा)

मी हौशी नाटकांची रंगभूषा आणि वेशभूषा सांभाळते, म्हणून पोशाखांविषयी थोडे लिहिते. या मालिकेतील राक्षसांना एकाच तराजूत तोलणे योग्य होणार नाही. ‘द सेंट्री’ या भागात जमिनीखालच्या गोदामात आपली अंडी राखणारा सरड्यासारखा प्राणी आहे. त्याचा मगरछाप पोशाख उजेडात पुरता उघडा पडतो आणि तिथे कोणताही नट काही करू शकला नसता. याउलट रिचर्ड कील यांचे दोन भाग पाहा. सात फुटांहून उंच असलेल्या या नटाने २९ नोव्हेंबर १९७४ च्या ‘बॅड मेडिसिन’मध्ये रूप पालटणारा मांत्रिक साकारला आणि लगेच पुढच्याच आठवड्यात ‘द स्पॅनिश मॉस मर्डर्स’मध्ये शेवाळाने लगडलेला दलदलीतला राक्षस. जेम्स बाँडच्या चित्रपटातला पोलादी दातांचा ‘जॉज’ म्हणून जग त्यांना ओळखू लागले ते १९७७ नंतर.

शेवाळाच्या पोशाखात कील यांचा चेहरा ओळखूसुद्धा येत नाही. काम करतात ते त्यांचे खांदे, चालण्याचा संथपणा आणि पोशाखाच्या तुटलेल्या, लोंबत्या कडा. या कडांमुळे शरीराची सीमारेषाच पुसली जाते आणि गटाराच्या काळोख्या पाण्यात तो कुठे संपतो आणि अंधार कुठे सुरू होतो, हे कळत नाही. आकार जितका अपुरा दिसेल तितका प्रेक्षक तो मनाने पुरा करतो. रंगमंचावर आम्हीही याच गोष्टीचा आधार घेतो. शिवाय हा राक्षस निद्रासंशोधनासाठी दीर्घकाळ झोपवून ठेवलेल्या एका तरुणाच्या स्वप्नातून आला आहे, तेव्हा त्याचे अस्पष्ट असणे कथेलाही धरून आहे. याच भागात कीनन विन यांनी रागावर ताबा मिळवण्यासाठी गटोपचाराला जाणारा कप्तान सिस्का रंगवला आहे. कोलचॅकचे प्रश्न ऐकत असताना त्याचा संयम हळूहळू सुटत जातो, तो प्रसंग मी आमच्या नव्या कलावंतांना मुद्दाम दाखवते.

तिसरा भाग दाखवणे शक्य झाले तर ‘द झोंबी’चा शेवटचा प्रवेश तरी दाखवावा. भंगारात टाकलेल्या शववाहिनीत कोलचॅक रांगत शिरतो, निश्चल पडलेल्या प्रेताच्या तोंडात मीठ भरतो आणि सुईदोऱ्याने ओठ शिवायला घेतो, इतक्यात प्रेताचे डोळे उघडतात. झोंबी झालेले अर्ल फेसन हे मुळात व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलपटू होते. त्यांनी केले ते इतकेच की निश्चल पडून राहिले, आणि त्या अरुंद जागेत तेवढे पुरेसे ठरले.

जुना वाचक (ग्वाल्हेर)

वरील मते मान्य आहेत, तथापि ‘हॉरर इन द हाइट्स’मधल्या राक्षसाबद्दल माझा एक आक्षेप आहे. तो अखेरीस केसाळ, वानरासारखा पशू दाखवला आहे. आपल्याकडचे राक्षस असे नाहीत. लंकेत त्यांची नगरे आहेत, राज्य आहे, वेदपठण आहे. ब्रिटिश लेखकाने आपल्या परंपरेतले एक नाव उचलले आणि त्यावर स्वतःच्या कल्पनेतले जनावर चिकटवले, असे मला वाटते.

माळव्यातील रसिक (इंदूर)

बाह्यरूपाबाबत आपले म्हणणे मला मान्य आहे. मात्र सँगस्टर यांनी राक्षसाचा जो मुख्य गुण घेतला आहे, तो अस्सल आहे. वाल्मीकींनी राक्षसांना वारंवार ‘कामरूपी’, म्हणजे हवे ते रूप घेणारे, म्हटले आहे. मारीच सुवर्णमृग होतो आणि मरताना रामाच्या आवाजात सीतेला व लक्ष्मणाला हाक मारतो. रावण भिक्षा मागत दारात येतो. इल्वल ब्राह्मणाचे रूप घेऊन, संस्कृत बोलून श्राद्धाचे आमंत्रण देतो. हे सारे जण माणसाच्या श्रद्धेच्या वाटेने आत शिरतात. या भागातला राक्षसही नेमके हेच करतो : ज्याच्यावर आपला पूर्ण विश्वास आहे, त्याच्या रूपात तो समोर येतो.

आणि इथेच पाहुणे कलाकार व राक्षस एकरूप होतात. ब्रह्मदेवाच्या आशीर्वादाने मंतरलेले बाण घेऊन हा राक्षस शोधत फिरणारा वृद्ध हिंदू शिकारी एब्राहम सोफेअर यांनी केला आहे. रंगूनमध्ये जन्मलेले, ज्यू कुटुंबातले हे नट ती भूमिका अतिशय थकलेल्या, शांत स्वरात करतात. धनुष्य आता कोलचॅकच्या हाती आले आहे आणि त्याच्यासमोर चालत येते ती त्याच्याच कचेरीतली वयस्कर सहकारी मिस एमिली. रूथ मॅक्डेव्हिट यांनी ही प्रेमळ बाई भागामागून भाग आपल्या ओळखीची करून ठेवलेली असते. ती मायेने समजूत घालत जवळ येत राहते आणि कोलचॅकला तिच्यावर बाण सोडायचा असतो. पोशाख कसा का असेना, त्या क्षणी कोणालाही हसू येणार नाही.

रावपुरेकर (वडोदरा)

आपणा सर्वांचे मनापासून आभार. ‘द स्पॅनिश मॉस मर्डर्स’ आणि ‘हॉरर इन द हाइट्स’ हे दोन भाग मी नक्की करतो. स्वस्तिकाविषयी मात्र अजून थोडे मार्गदर्शन हवे आहे. बैठक ज्या घरी आहे, त्यांच्या दारावरच कुंकवाचे स्वस्तिक आहे. प्रारंभी काही सांगावे की नंतर?

रंगपटातली (वडोदरा)

प्रारंभी काहीच सांगू नये, अशी माझी विनंती आहे. ती स्वस्तिके शिकाऱ्याने राक्षसाला दूर ठेवण्यासाठी रंगवली आहेत, हे मालिका पुढे स्वतःच उलगडते. आपल्या प्रेक्षकांना ती खूण पाहताक्षणी मंगल वाटेल, तर स्टारमनला त्याच खुणेत छळछावण्या दिसतात. त्याचा राग आपल्या लोकांना सुरुवातीला कळणार नाही आणि मग हळूहळू कळू लागेल. ही संधी आधीच बोलून घालवू नये. नाझींनी ते चिन्ह कसे वापरले आणि ज्यू कुटुंबांच्या मनात त्याचा कोणता अर्थ उरला, यावर नंतरच्या चर्चेत अवश्य वेळ द्यावा. दोन्ही भागांतील महत्त्वाचे प्रसंग फार काळोखे आहेत, म्हणून दिवाणखान्याला जाड पडदे असल्याची आधी खात्री करावी किंवा बैठक दिवेलागणीनंतर ठेवावी.